मटण ठोकायची लाकडी हातोडी गावातल्या वाढईकडून करून घ्यायची आहे, लाकूड कोणतं घ्यावं?

काळ्या_वावरातला

राम राम मंडळी. गाव आमचं दारव्हा तालुक्यात, वावर आहे अन् रोडवर लहानशी खानावळ आहे, म्या अन् लहाना भाऊ मिळून चालवतो. रस्सा, सुकं, खिमा हे त चालूच राह्यते, पण आता भावाच्या डोक्यात शिरलं का बोनलेस मटणाचे पातळ तुकडे ठोकून चपटे करायचे अन् मसाल्यात मुरवून तव्यावर भाजायचे, हैदराबादकडं गरम दगडावर पत्थर का गोश्त करतात त्या टाइपचं, अन् कोंबडीची छाती चपटी करून तळायची. गाडीवर येणारे पोट्टे असंच काहीतरी मागतात म्हणे.

त्याच्यासाठी ती लाकडी हातोडी पाह्यजे, एका बाजूनं दात अन् एका बाजूनं सपाट. मांगं नागपूरले एका प्रदर्शनात हातानं बनवलेली पाह्यली होती, दिसायला लय भारी, भाव ऐकला अन् हळूच जागेवर ठेवून देली. दुकानात अल्युमिनियमच्या भेटतात पण धुतल्या का त्याचं काळं सुटते, ते मले पटत नाही. गावात वाढई आहे, थो म्हणते बाभळीची करून देतो, ओंडका घरीच पडला आहे. शेजारचे काका म्हणतात सागाचीच कर, अन् बुवा म्हणतात कडुनिंबाची कर, जंतू जवळ येत नाही. आता तीन माणसाचे तीन लाकडं झाले, म्या कोणाचं ऐकू? दात कसे पाडायचे, वरून पॉलिश मारायचं का नाही, दांडा किती लांब, ज्याले माहीत आहे त्यानं सांगा.

अन् एक शंका अजून. खरंच नरम होते काय त्यानं? आमच्याइकडचा बोकड म्हणजे रानोमाळ हिंडलेला, कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी ऐकत नाही. रश्श्याच्या मटणालेही आधी ठोकून घेतलं तं फरक पडन काय?

मिरचीभात

आठ शिट्ट्या? भाऊ, खाटकानं तुमाले बोकड नाही देला, बोकडाचा आजा देला.

रंधा_पटाशी

सुतारकाम घरचंच आहे आमचं, आर्वीकडं. आजा-बाप वखर, डवरे, बंड्या (बैलगाड्या) बनवत गेले, आता माझ्याकडं चौकटी अन् पलंगच जास्त येतात, पण असं लहान काम आलं का मजा येते म्हणून जरा सविस्तर लिहून राह्यलो.

तुमचा वाढई बरोबर सांगते. बाभूळ चांगली. घट्ट, जड, वास नाही, मार खाणारं लाकूड आहे, बंडीच्या चाकाले उगाच नाही वापरत. पण "घरी पडला आहे" म्हणजे कसा पडला आहे हे पाहून घ्या. सालीसकट पडून असन तं आतून भुंग्यानं पोखरला असन, बाभळीच्या पांढऱ्या भागाले कीड लय लवकर लागते. आमचा आजा बाभळीचे ओंडके नाल्याच्या डोहात बुडवून ठेवायचा, पाण्यात राह्यलं का मंग कीड धरत नाही. हातोडीले आतला लाल गाभाच घ्यायचा, पांढरं सगळं तासून फेकायचं. अन् ओलं लाकूड बिलकुल नाही. ओल्या बाभळीची केली तं पहिल्याच उन्हाळ्यात चिरते अन् दांडा ढिला होऊन खटखट वाजते.

सगळ्यात सोपं म्हणजे गोठ्यामांगं जुन्या बंडीचं चाक पडलं असन तं पाहा, आता टायरच्या बंड्या आल्यापासून घरोघरी पडले आहेत. बाहेरचा गोल घेर ज्या वाकड्या तुकड्यांचा असते त्यातला एक तुकडा काढा, वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड भेटते. मधला तुंबा मात्र घेऊ नका. दिसायला मस्त ठोकळा दिसते पण जन्मभर वंगण पेलेला असते, तेच तुमच्या मटणात उतरन. आऱ्याचा दांडा होऊ शकते.

साग म्हणान तं चौकटीले राजा आहे, किडत नाही, वाकत नाही, पण या कामाले मी नाही देणार. बाभळीपेक्षा नरम पडते अन् रेषा सरळ असल्यानं दात सोलून निघतात. कडुनिंबही चालन पण मारून मारून दबते, अन् नवीन असताना कडू वास येते त्याले. बुवाले सांगा लाकूड कडू असलं म्हणून धुवायचं काम टळत नाही. तिवस, अंजन हे सगळ्यात जबर, धावड्याचा दांडा त कुऱ्हाडीलेही चालते, पण तिवस अन् अंजन दोन्ही आपल्या राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, हातोडीसाठी झाड पाडायचा विचारही करू नका, जुन्या अवजारातला तुकडा भेटला तं घ्या. बिब्याच्या लाकडाले हातच नको, उततं अंगावर. कण्हेरही नको, विषारी आहे.

आता दात. इथंच सगळे चुकतात म्हणून नीट वाचा. मारायची बाजू ही लाकडाचं डोकं पाह्यजे, म्हणजे ओंडका आडवा कापला का जिकडं गोल वलयं दिसतात ती बाजू. खाटकाकडचा चिंचेचा ठोकळा पाहा, उभा ठेवलेला असते, सुरा डोक्यावर पडते, म्हणून टिकते. हातोडीचंही तसंच. पाटासारख्या आडव्या बाजूवर दात पाडले तं सुरुवातीले छान दिसतात अन् मंग एकेक दात तुटून मटणात जाते. गिऱ्हाईकाच्या दाढेखाली लाकूड आलं तं खानावळ बंद करा.

डोकं ६ सेंटिमीटर बाय ६, लांबी १०-११. दातासाठी ८ मिलिमीटरवर उभ्या-आडव्या रेषा आखायच्या, बारीक करवतीनं आधी खाच मारायची अन् मंग तिकोनी कानशीनं दोन्हीकडून उतार द्यायचा, खोली ५ मिलिमीटर भरपूर झाली. खाचा मारायच्या आधी चारही कडांची कोर मोडून घ्यायची नाही तं करवत बाहेर निघताना काठ उडते. शेवटी पॉलिश पेपरनं टोकं बोथट करायची. सुईसारखे दात नको, त्यानं मटण फाटते.

दांडा २५-२८ सेंटिमीटर. खिळा नको, फेव्हिकॉल नको. कुऱ्हाडीसारखी पाचर मारायची असन तं पाचर डोक्याच्या रेषांना आडवी बसली पाह्यजे, रेषांच्या दिशेनं ठोकली तं डोकं तिथूनच फाकते. पण माझं म्हणणं, कुदळीसारखा करा. भोक वरून रुंद, खालून अरुंद, दांडा वरून घालायचा, जितकं माराल तितका आवळते, अन् धुताना उलटा ठोकला का बाहेर निघते. भोकात रगत-पाणी साचून सडायचा प्रश्नच मिटला. हे एवढं वाढईले दाखवा, त्याले लगेच समजन.

अंगणातली_चूल

भाऊ, रश्श्याच्या मटणाले अजिबात ठोकू नका. हाडाचं मटण ठोकलं का हाडाच्या बारीक किरच्या होतात अन् त्या रश्श्यात दिसत नाहीत, लेकरायच्या घशात जातात. हातोडी फक्त बिनहाडाच्या मटणाले. खाटकाले रानाचं, म्हणजे मांडीचं, बोनलेस मांगा, अन् तुकडे धाग्याच्या आडवे कापायचे सांगा. धाग्याच्या दिशेनं कापले तं किती ठोका, चावताना दोरीच लागन.

आमच्या घरी सासूबाई माळकरी. मटणाची भांडी वेगळी, चूल अंगणात वेगळी, अन् पाटा-वरवंट्याले तं मटणाच्या दिवशी सावलीही पडू देत नाहीत. म्हणून माहेरी वरवंट्यानं चेचायची सवय होती ते इथं जमेना. मंग ह्यांनी जुन्या मुसळाचा खालचा तुकडा कापून देला, त्याच्यावरच काम चालू आहे. दात नाहीत त्याले, अन् खरं सांगू का, दाताची एवढी गरजही पडत नाही. सपाटच जास्त लागते.

मारायची रीत सांगते. ओल्या फडक्याची घडी खाली, त्याच्यावर पाट, पाटावर मटण, मटणावर जाड स्वच्छ प्लास्टिक. प्लास्टिक नसन तं मटण हातोडीले चिकटून उचलते अन् शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. मधातून सुरुवात करायची अन् बाहेरच्या बाजूनं सरकत जायचं, हात वरून खाली आदळायचा नाही, पडता पडता थोडा बाहेर ओढायचा. धपाधप मारलं तं मधात भोक अन् काठ जाडच्या जाड. करंगळीएवढी जाडी राह्यली का थांबायचं. कोंबडीले तं अर्धाच जोर, ती बिचारी लगेच विस्कटते.

ठोकून झालं का मीठ, हळद, आलं-लसूण अन् कच्च्या पपईचा कीस. वाडीत पपई असनच तुमच्या. सालीसकट किसायची, चीक सालीजवळ जास्त असते. किलोले दोन चमचे पुष्कळ, अन् ठोकलेल्या मटणाले अर्ध्या तासाच्या वर ठेवायचं नाही. जास्त वेळ ठेवलं तं तव्यावर उलथताना हातात लगदा येते. पिकल्या पपईनं काही होत नाही.

मिरचीभात

काकू, मुसळाचा तुकडा कापला तं सासूबाईंनी काही म्हटलं नाही काय?

अंगणातली_चूल

अजून त्यायले माहीत नाही. 😄

शेवग्याची_शेंग

मी अमरावतीला फूड टेक्नॉलॉजी केलंय, त्यामुळे नरम होण्याच्या प्रश्नावर थोडं लिहिते.

मटण कडक लागतं त्याची दोन कारणं असतात आणि हातोडी त्यातल्या एकावरच चालते. एक म्हणजे स्नायूंचे लांब धागे. ठोकल्यावर ते तुटतात, त्यांच्यामधले पातळ पडदे फाटतात, आणि तुकडा सगळीकडे सारखा पातळ झाल्यामुळे तव्यावर काही मिनिटांत शिजतो, कोरडा पडायला वेळच मिळत नाही. म्हणून तुमच्या भावाची आयडिया बरोबर आहे. दुसरं कारण म्हणजे कोलॅजन, ते पांढरं चिवट. बोकड जितका वयाचा आणि जितका हिंडलेला तितके कोलॅजनमधले बंध पक्के. ते हातोडीने सुटत नाहीत. त्याला ओली उष्णता आणि वेळ लागतो, ७० अंशांच्या वर हळूहळू त्याचं जिलेटिन होतं, नल्लीचा रस्सा थंड झाल्यावर थरथरतो ते हेच. त्यामुळे रश्श्याला हातोडीचा उपयोग नाही, काकू म्हणतात ते हाडाच्या किरचांचं तर आहेच.

कुकरच्या शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करायचा आणि तसंच ठेवायचं, वयाच्या बोकडाला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. मोठ्या आचेवर भराभर आठ शिट्ट्या केल्या तर वेळ फार होतच नाही, फक्त आवाज होतो.

अजून एक. आपल्याकडे पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, काय होतं, सकाळी बोकड कापला आणि दोन-चार तासांत चुलीवर चढला. नेमकं त्याच काळात स्नायू ताठरायला लागलेले असतात. खानावळीत फ्रिज असेलच, तर हे चपटं करायचं मटण आदल्या दिवशी आणून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मांसातलेच एन्झाइम धागे सैल करतात. यात खर्च काहीच नाही आणि फरक पडतो. पपईतलं पपेन फ्रिजमध्ये मंद असतं आणि तव्यावर तापताना, साधारण ६०-७० अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात काम करतं, म्हणून मुरवताना मटण ठीक दिसतं आणि शिजताना अचानक लगदा होतो. काकूंनी दिलेलं प्रमाण पाळा.

आता लाकूड आणि जंतू. लाकूड घाण आणि प्लास्टिक स्वच्छ असं सरसकट समजतात ते तेवढं खरं नाही. डीन क्लिव्हर या अमेरिकन संशोधकाचं आणि त्याच्या सहकाऱ्यांचं भाजी-मांस कापायच्या पाटांवरचं काम १९९४ मध्ये छापून आलं. लाकडावर टाकलेले जंतू आत शोषले जातात आणि परत वर काढता येणं अवघड होतं, उलट सुरीचे ओरखडे पडलेल्या प्लास्टिकच्या पाटावर ते धुऊनही सापडत राहतात, असं त्यांना दिसलं. पण हे काम सपाट पाटांवरचं होतं. तुमच्या हातोडीच्या दातांच्या खाचांत चरबी आणि मांसाचे कण अडकणार, तिथे लाकडाचा हा गुण कामाला येणार नाही. ब्रशने घासावंच लागेल.

आणि दात असलेल्या बाजूने ठोकलं की मटणाच्या वरचे जंतू आत ढकलले जातात. त्यामुळे असं मटण आतपर्यंत पूर्ण शिजवायचं, मध्ये गुलाबी ठेवायचं नाही. कोंबडी तर आत ७४ अंशांपर्यंत गेलीच पाहिजे. शक्य असेल तर कोंबडीची आणि मटणाची हातोडी वेगळी ठेवा.

जवसाचं_फूल

पॉलिशचं कोणीच नाही बोललं म्हणून. टचवूड, मेलामाइन, फ्रेंच पॉलिश काहीच मारू नका. वरून थर बसणारी कोणतीही गोष्ट पाचपन्नास ठोक्यात टवके सोडते अन् टवका जाते मटणात. फ्रेंच पॉलिश लाखेचं असते, लाख आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडचीच, खायच्या गोळ्यायवरही चढवतात, पण गरम पाणी लागलं का पांढरं पडते, अन् वाढई ते ज्या स्पिरिटमध्ये कालवते ते काही खायचं नसते.

जवसाचं तेल लावा. घाणीचं, कच्चं. आपल्याकडं चटणीले जवस घरोघरी असते, घाणीवाला काढून देते. हे तेल हवेनं वाळून घट्ट होते म्हणून लाकडाले चालते, नुसतं ओलं राहत नाही. पातळ हात मारायचा, तासाभरानं कोरड्या फडक्यानं सगळं पुसून घ्यायचं, दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवायचं, मंग परत. असे तीन-चार हात झाले का निदान दोन-तीन आठवडे तशीच राहू द्या, घाई करू नका.

हार्डवेअरच्या दुकानात बॉइल्ड लिनसीड म्हणून डबा भेटते, तेही जवसाचंच पण लवकर वाळावं म्हणून त्यात धातूचे क्षार घातलेले असतात, ते रंगाले ठीक, भांड्याले नाही.

अन् हे महत्त्वाचं, तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होते अन् फडक्याचा बोळा असन तं आतल्या आत तापून पेट घेऊ शकते. मोकळं पसरवून वाळवा नाही तं पाण्यात बुडवून टाका. गोठ्याजवळ कुटार असते, काळजी घ्या.

वर्धेचा_पाव्हणा

एवढं कायले, फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल घरी राह्यतेच की. आम्ही पोळपाटाले तेच लावतो.

जवसाचं_फूल

पोळपाटाले मटणाचं रगत लागत नाही दादा. फल्लीचं, सोयाबीनचं तेल वाळत नाही, चिकट राह्यते, धूळ धरते अन् काही दिवसानं खवट वास मारते. जवस नसन भेटत तं मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन घ्या, साधं, वासाचं नको. ते पोटात गेलं तरी चालते अन् खवटही होत नाही. फक्त ते लाकडात वाळत नाही, धुतलं का थोडं थोडं जाते, म्हणून मधूनमधून परत लावा लागते.

काळ्या_वावरातला

सगळ्यायले लय लय धन्यवाद. आज वाढईकडं फोनच घेऊन गेलो, रंधा भाऊचं लिहिलेलं वाचून दाखवलं. थो म्हणे हे कोणी तरी आपल्यातलाच लिहून राह्यला. त्याच्या ओंडक्याले खरंच भुंगा लागलेला निघाला, पांढरा भाग नुसता पीठ. लाल गाभा चांगला आहे म्हणे पण अजून ओला वाटते. मंग काकाच्या गोठ्यामांगं चाक होतं तिथं गेलो, काका सागाचा आग्रह धरत होते अन् चाक त्यायचंच बाभळीचं निघालं, आता ते काही बोलून नाही राह्यले. त्यातला तुकडा देला. दांडा कुदळीसारखाच करतो म्हणे.

काकू, भावानं तुमच्या रीतीनं वरवंट्यावर करून पाह्यलं, चांगले चपटे झाले. आईनं पाहून घेतलं अन् आता नवीन वरवंटा आणा लागते.

अजून दोन गोष्टी विचारायच्या. पावसाळ्यात आमच्याकडं हप्ता हप्ता ऊन पडत नाही, तेव्हा वाळवायची कशी? अन् खानावळीत उंदीर लय, लाकडाले मटणाचा वास राह्यला तं कुरतडतीन काय?

शेवग्याची_शेंग

धुण्याची पद्धत एकदाच सांगते. वापरल्याबरोबर आधी थंड पाण्याने रक्त काढायचं, एकदम गरम पाणी ओतलं तर ते खाचांत शिजून चिकटतं. मग गरम पाणी, भांड्याचा साबण आणि दात घासायचा जुना पण कडक ब्रश, खाचांत दोन्ही दिशांनी. शेवटी उकळतं पाणी वरून ओतून लगेच पुसायचं. बादलीत भिजत टाकायची नाही, लाकूड फुगतं आणि मग चिरतं. आठवड्यातून एकदा जाड मीठ आणि लिंबाची फोड घेऊन घासली की वास निघतो.

पावसाळ्यात चुलीच्या वरच्या बाजूला, धग लागेल पण धूर-ज्वाळ लागणार नाही अशा ठिकाणी लटकवा, डोकं आणि दांडा वेगळे करून. भोकात हवा खेळली पाहिजे. काळे ठिपके दिसले तर बुरशी आहे, वरवर असेल तर पॉलिश पेपरने काढून परत तेल लावा. आत गेली असेल तर ती हातोडी चुलीत घाला.

रंधा_पटाशी

उन्हाळ्याचंही लक्षात ठेवा. मे महिन्यात ४५ च्या उन्हात आंगणात ठेवली तं तेल लावलेलीही तडकते. सावलीतच वाळवायची, आपल्याकडं सावलीतली हवाच तेव्हा पुरते.

उंदीर कुरतडतातच, चरबी पेलेलं लाकूड त्यायले आवडते. फळीवर ठेवू नका. डोक्याच्या भोकातून तार ओवा, दांड्याच्या शेवटी बारीक भोक पाडा अन् दोन्ही आढ्यापासून खाली लोंबत सोडा, भिंतीपासून लांब. सुतळी नको, ओली राह्यते अन् उंदीर तिच्यावरून उतरते.

कोंबडीची वेगळी करान तं तिले दात पाडायचे पैसे देऊच नका. दोन्ही बाजू सपाट, तोंड जरा मोठं, ८ सेंटिमीटर बाय ८, अन् कडा चांगल्या गोल करून घ्या, कोंबडीची छाती कडेनंच फाटते. चाकाच्या तुकड्यात एवढी रुंदी बसणार नाही, तिच्यासाठी वाढईचा तो लाल गाभा सावलीत वाळू द्या, दिवाळीनंतर करा.

काळ्या_वावरातला

ठीक आहे, गाभा त्याच्या माळ्यावर टाकायले लावतो. तोवर कोंबडीले मुसळ पाहतो, आमच्या घरी दोन आहेत, एक कोणी वापरत नाही.

अंगणातली_चूल

आईले विचारून घ्या भाऊ.